किंगची 'सेल' दुसऱ्यांदा वाचताना नेमकं काय बघायचं?

मांडवीकाठ (पणजी)

नमस्कार मंडळी. चवथ (गणेशचतुर्थी) आटपली की आमच्या वाचनकट्ट्यावर स्टीफन किंगची 'सेल' घ्यायचं ठरलंय. कट्ट्यावर किंगचे चाहते पुष्कळ, पण या कादंबरीबद्दल सगळ्यांचा सूर एकच लागतो: सुरुवात अंगावर येते, मधे गाडी भलत्याच रस्त्याला लागते, आणि शेवट अर्ध्यावर सोडलाय. बहुतेकांनी ती २००६ साली, म्हणजे बाहेर आली तेव्हाच वाचलेली. तेच जुनं मत घेऊन परत बसलो तर चर्चा अर्ध्या तासात संपेल.

म्हणून जाणकारांना विचारायचंय. इतक्या वर्षांनी पुन्हा वाचताना कोणत्या जागा सावकाश वाचाव्यात? मोबाइलवरून माणसं पिसाळतात ही कल्पना आजच्या फोनांच्या दिवसांत टिकते का? आणि आपल्याकडे भुताखेतांची एवढी मोठी परंपरा असताना झॉम्बी हा प्रकार परका का वाटतो? चार बैठका आहेत, प्रत्येकी दीड तास. कथानक उघड झालं तरी चालेल, वाचलेलीच आहे सगळ्यांनी.

कुळागर (फोंडा)

सगळा जोर पहिल्या वीस-पंचवीस पानांवर लावा. बोस्टन, १ ऑक्टोबर, दुपारचे ३ वाजून ३ मिनिटं. पहिल्या वाचनात इथे आपण धावत सुटतो, कारण पानागणिक रक्त आहे. दुसऱ्या वेळी फक्त आइस्क्रीमच्या गाडीपाशी उभी असलेली माणसं बघा. पॉवर सूट घातलेली एक बाई, सोबत कुत्रं, कानाला मोबाइल. तिच्या मागे दोन शाळकरी मुली, एकीचे केस सोनेरी, दुसरीचे काळे. कादंबरीचा नायक क्ले मनातल्या मनात त्यांना पिक्सी लाइट आणि पिक्सी डार्क म्हणतो. दोघींत फोन एकच, पेपरमिंटच्या रंगाचा, आणि दोघी डोक्याला डोकं लावून तो ऐकतायत. पल्स येतो, म्हणजे फोनमधून ऐकणाऱ्याला पिसाळवणारा आवाज. बाई पिसाळते. पिक्सी लाइट त्या बाईच्या गळ्याचा चावा घेते. पिक्सी डार्क मात्र कोणाला चावत नाही. ती स्वतःचं नाव विसरते, मी कोण म्हणून ओरडत सुटते आणि खांबावर डोकं आपटते.

का? कारण पल्स तिच्या कानावर पुरता पडलाच नाही. शेजारणीच्या फोनमधून निसटला तेवढाच पडला. किंगने कादंबरीचा सगळ्यात महत्त्वाचा नियम इथे सांगून टाकलाय आणि गडबडीत तो आपल्या लक्षातही येत नाही: पल्सला मात्रा आहे. पुरी मात्रा लागली तर माणूस एका तऱ्हेने बिघडतो, अर्धवट लागली तर वेगळ्या तऱ्हेने.

आता शेवटच्या पानावर या. क्लेचा मुलगा जॉनी सापडलाय, पण त्याला मिळालेला पल्स उशिराचा आहे, तोवर तो पल्सच नासलेला होता. म्हणून पोरगा ना धड पिसाळलेला, ना धड शाबूत. क्लेच्या सोबतचा पोरगा जॉर्डन, त्याचा तर्क असा की पुन्हा एकदा पल्स ऐकवला तर दोन बिघाड एकमेकांना खाऊन टाकतील आणि तळाशी राखून ठेवलेलं मूळ मन वर येईल. शेवटच्या भागाचं नावच 'सेव्ह टू सिस्टिम' आहे. क्ले फोन लावतो, मुलाच्या कानाशी धरतो, आणि कादंबरी संपते. पहिल्या वाचनात आपल्याला वाटतं, लेखकाने हात झटकले. पिक्सी डार्क डोक्यात ठेवून वाचलं तर कळतं की या जुगाराचे नियम आइस्क्रीमच्या गाडीपाशीच सांगून झाले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे, पल्स काय आहे हे पुस्तकात कोण सांगतं ते बघत चला. मेंदू म्हणजे हार्ड डिस्क, पल्सने ती पुसली, तळाशी उरली ती फक्त हिंसा, हे सगळं आपण लेखकाचं म्हणणं समजून गिळतो. प्रत्यक्षात ते बोलतात दोघं जण: गेटन अकॅडमी या शाळेचे म्हातारे हेडमास्तर आणि कॉम्प्युटरचं वेड असलेला बारा वर्षांचा जॉर्डन. दोघंही भेदरलेले आहेत आणि अंदाज बांधतायत. निवेदक त्यांच्या एकाही तर्कावर शिक्का मारत नाही. पल्स कोणी पाठवला हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यामुळे "विज्ञान पटत नाही" असा आक्षेप कट्ट्यावर येईल तेव्हा आधी विचारा, हे विज्ञान कोणाच्या तोंडी आहे? (हेडमास्तरांचं नाव चार्ल्स अर्दाई. हार्ड केस क्राइम या प्रकाशनाच्या संस्थापकाचं हेच नाव, आणि २००५ साली किंगची एक छोटी कादंबरी त्यांनीच काढली होती. किंग असे मित्र पुस्तकात पेरतो.)

तिसरं, जॉनीचा छोटा लाल मोबाइल. तो जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलीने खूण करा. पहिल्या भागात तो भीतीचं मूळ आहे: पोराने फोन शाळेत नेला असेल का, चार्ज असेल का, की नेहमीसारखा पलंगाखाली पडला असेल. बापाच्या डोक्यातलं हे चक्र दर काही पानांनी फिरतं आणि तेच पूर्ण प्रवासाचं इंजिन आहे. राक्षसांची गोष्ट म्हणून वाचलं की मधला भाग ढिला वाटतो. बाप मुलाला शोधायला निघालाय म्हणून वाचलं की गेटनमधला मुक्काम सोसवत नाही, कारण तिथे क्ले थांबलाय आणि घर अजून लांब आहे.

अंतरांचा अंदाज असू द्या. बोस्टन ते मॉल्डन, म्हणजे क्लेचा सोबती टॉम याचं गाव, हे अंतर जेमतेम आठ किलोमीटर. म्हणजे पणजीहून मांडवी पूल ओलांडून, पर्वरी मागे टाकून, गिरीच्या आसपास. कदंबाच्या बसमध्ये बसलं तर किती वेळ लागतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेच अंतर अंधारात, पायी, पाठीमागे शहर जळत असताना चालायचं. किंग हे आठ किलोमीटर पळवून नेत नाही, पाऊलपाऊल चालवतो, आणि दुसऱ्या वाचनात तो संथपणा फार चांगला लागतो.

रेंज_नाही (वाळपई)

फोनबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण या बाबतीत चर्चा नेहमी चुकीच्या जागी अडकते.

आधी साल बघा. कादंबरी जानेवारी २००६ ची. पहिला आयफोन जाहीर झाला जानेवारी २००७ मध्ये, व्हॉट्सअ‍ॅप आलं २००९ मध्ये. म्हणजे 'सेल'मधला फोन हा फक्त कानाला लावायचा फोन आहे. बटणांचा, घडीचा, रिंगटोनवाला. पिक्सींच्या फोनची रिंगटोनसुद्धा 'क्रेझी फ्रॉग' आहे, त्या काळाची खूण म्हणून एवढी पुरे. किंगकडे स्वतःकडे मोबाइल नाही असं पुस्तकाच्या शेवटी लेखकाच्या परिचयात छापलेलं होतं, तेही वाचून दाखवा.

आता पल्स. आवाजातून मेंदू पुसला जाणं शक्य आहे का, यावर वेळ घालवू नका. मोबाइलवरचा आवाज जसाच्या तसा जात नाही. सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले जातात, आणि माणसाचा गळा कसा चालतो त्याच्या गणिताने ते दाबून पाठवले जातात. गळ्यातून निघू शकत नाही असा आवाज त्या गाळणीतून वेडावाकडा होऊनच बाहेर पडतो. शिवाय तेव्हा अमेरिकेत मोबाइल जाळ्याच्या दोन पद्धती होत्या: व्हेरायझन आणि स्प्रिंट सीडीएमएवर, सिंग्युलर आणि टी-मोबाइल जीएसएमवर. आपल्याकडेही रिलायन्स आणि टाटा इंडिकॉम सीडीएमए, बाकीचे जीएसएम. दोन्हींच्या गाळण्या वेगळ्या. एकच आवाज सगळ्या फोनांवर सारखाच पोचेल हे होणार नाही. तेव्हा पल्स म्हणजे मंत्र समजा आणि पुढे चला.

बघण्यासारखं आहे ते त्या मंत्राचं पसरणं. समोर कोणीतरी पिसाळलं की शहाणा माणूस पहिलं काय करतो? फोन काढतो. पोलिसांना लावतो, घरी लावतो. आणि तोच फोन त्याला पाडतो. मदत मागायची सवय हीच लागण पसरवते, ही या कादंबरीतली सगळ्यात अस्सल भीती आहे आणि तिला तंत्रज्ञानाचा आधार लागत नाही. आपल्याकडची मिस कॉलची सवयसुद्धा वाचवणार नाही, कारण मिस कॉल देणारा रिंग गेली का ते कानाला लावूनच ऐकतो.

हे लक्षात घेऊन कोण वाचलं आणि का, ते पहिल्या भागात तपासा. क्लेकडे मोबाइलच नाही. टॉमचा त्याच्या मांजरामुळे पडून मोडलेला. वाटेत त्यांना भेटलेल्या अ‍ॅलिस या मुलीच्या आईने टॅक्सीत स्वतःचा फोन कानाला लावला, अ‍ॅलिसने नाही. म्हणजे वाचलेली माणसं शूर म्हणून वाचलेली नाहीत, हुशार म्हणूनही नाहीत. त्या मिनिटाला त्यांच्या कानाशी फोन नव्हता, इतकंच.

आजच्या दिवसांत काय बदललं? लोक कॉल कमी करतात, मेसेज आणि व्हॉइस नोट जास्त. कॉल आलाच तर अनेकांच्या कानात ईयरफोन असतात, किंवा स्पीकर चालू. स्पीकर म्हणजे खोलीभर सगळे पिक्सी डार्क. कुळागरबाबांचा मात्रेचा मुद्दा आजच्या फोनांना लावला तर चित्र जास्त भयंकर होतं: पुरते पिसाळलेले थोडे आणि अर्धवट बिघडलेले घराघरात. कट्ट्याला हा प्रश्न जरूर टाका.

टॉवरचं एक सांगतो, ते इथे पावसात सगळ्यांना अनुभवाचं आहे. वीज गेल्याबरोबर रेंज जात नाही. टॉवरखालच्या बॅटऱ्या काही तास ओढतात, मग जनरेटर, आणि डिझेल भरायला कोणी आलं नाही की टॉवर गप्प. कादंबरीत वीज गेल्यावरही फोन चालू राहतात यावर पात्रंच आपसात बोलतात, ते वाक्य सुटू देऊ नका. पुढे काशवाक नावाची रेंज नसलेली जागा येते, आणि शेवटचा मोठा स्फोट तिथेच मोबाइलवरून फोन लावून घडवला जातो. रेंज नसलेल्या जागी हा फोन कसा लागतो, त्याची तजवीज लेखकाने कुठे करून ठेवलीय, ते पानाला खूण करत शोधा. सत्तरी तालुक्यातल्या ज्या वाड्यांवर अजून एका ठराविक दगडावर चढल्याशिवाय रेंजची काडी येत नाही, तिथल्या वाचकाला या प्रकरणात वेगळीच गंमत येईल.

साखळीकर

झॉम्बी परका का वाटतो, यावर.

आपल्याकडच्या भुताला पत्ता असतो. देवचार गावच्या शिवेवर फिरतो, त्याचा झाड ठरलेला, वेळ ठरलेली, मान ठरलेला. रोट द्या, विडी द्या, सोरो (दारू) ठेवा, तो गाव राखतो. वेताळाला तर आमोण्याला, प्रियोळला देवळं आहेत, तो भुतांचा राजा असूनही गावचा देव आहे. खवळलेलं भूत असलं तरी त्याला विचारता येतं: तुला काय हवंय? कोणाचं काय राहिलंय? आपली भूतकथा बहुतेक वेळा या प्रश्नावर उभी असते. नारायण धारपांच्या गोष्टींत हा प्रश्न विचारायला समर्थ या पात्रासारखा जाणता माणूस येतो आणि वाचकाला हायसं वाटतं.

झॉम्बीला हे विचारता येत नाही. मुळात हैतीमधला झॉम्बी चावणारा नव्हताच. तिथल्या समजुतीत तो म्हणजे मरणातून उठवून दुसऱ्याच्या शेतात राबायला लावलेला, स्वतःची इच्छा गेलेला देह. उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या लोकांची ती भीती आहे: मेल्यावरसुद्धा सुटका नाही. झुंडीने येऊन माणसं खाणारा प्रकार रूढ केला जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या चित्रपटाने, आणि गंमत म्हणजे त्या चित्रपटात झॉम्बी हा शब्द कोणी उच्चारत नाही. त्याच्याही मागे रिचर्ड मॅथसनची १९५४ ची कादंबरी आहे, तिच्यातले तर रक्तपिपासू. 'सेल' या दोघांनाच अर्पण केलीय. अर्पणपत्रिका वगळून पुढे जाऊ नका, अर्धी किल्ली तिच्यात आहे.

कारण असं की 'सेल'चा पहिला भाग रोमेरोचा आहे आणि गेटनपासून पुढचा मॅथसनचा. पहिल्या दिवशी पिसाळलेली माणसं एकेकटी, बडबडत, एकमेकांवरही तुटून पडणारी. (ती मेलेली नाहीत हेही बघा. श्वास घेतात, खातात, जखमा चिघळून मरतात.) मग ती थवे करू लागतात. दिवसा फिरतात, रात्री मैदानात खेटून पडतात, आणि त्यांच्या भोवती टेपवर हलकीफुलकी जुनी गाणी लावलेली असतात. शाबूत माणसं रात्री चालतात, ती दिवसा. आणि मग आपली माणसं काय करतात? निजलेल्या शेकडो जणांच्या मैदानात प्रोपेनचे टँकर नेऊन सगळ्यांना जाळतात. हेडमास्तर, दोन मुलं, दोन भले गृहस्थ. मॅथसनच्या कादंबरीचं मर्म हेच होतं की नव्या जगाच्या दृष्टीने राक्षस कोण, ते उलटून जातं. पहिल्या वाचनात आपण त्या आगीला टाळ्या देतो. या वेळी ते प्रकरण मोठ्याने वाचा आणि अ‍ॅलिसची, टॉमची, जॉर्डनची त्यानंतरची अवस्था बघा. किंगने टाळ्या मागितलेल्या नाहीत.

आणि इथून पुढे ही कादंबरी आपल्या भूतकथेच्या जवळ येते, जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. थव्याला तोंड फुटतं. रॅगेडी मॅन येतो, हार्वर्डचा फाटका हूडी घातलेला, आणि तो दुसऱ्यांच्या तोंडून बोलतो, सगळ्यांच्या एकाच स्वप्नात येतो, निवाडा सुनावतो. त्याच्याकडे तक्रार आहे: तुम्ही आमची माणसं जाळलीत. आता विचारता येतं, तुला काय हवंय? झॉम्बीचे चाहते इथे वैतागतात कारण त्यांना मुकी झुंड हवी होती. आपल्या वाचकाने वैतागायचं कारण नाही. शिवेवर उभं राहून मान मागणारं ते आपल्या ओळखीचं आहे. फरक एवढाच की त्याच्याशी करार होत नाही. देवचाराला रोट दिला की वाट मोकळी होते, रॅगेडी मॅन जी वाट मोकळी करतो ती काशवाकलाच जाते.

मांडवीकाठ

कुळागरबाब, साखळीकरबाब, रेंज_नाही, मनापासून आभार. अर्पणपत्रिका आणि आइस्क्रीमची गाडी पहिल्याच बैठकीत घेतो. दोन शंका. चार बैठकांत भाग कसे पाडावेत? आणि जॉनीचं पुढे काय झालं हे किंगने नंतर स्वतःच सांगून टाकलंय असं वाचनात आलं. ते खरं असेल तर चर्चेत आणावं का?

शणै_बाय (मडगाव)

भाग पाडताना पानं सारखी वाटू नका, वजन बघा. पुस्तकाचे नऊ भाग आहेत. 'द पल्स' आणि 'मॉल्डन' पहिल्या बैठकीला. दुसरीला 'गेटन अकॅडमी' आणि 'फेडिंग रोझेस, धिस गार्डन्स ओव्हर'. ही बैठक सगळ्यात जड जाणार. मैदान इथेच पेटतं, हेडमास्तरांना थवा मनाने पकडून स्वतःच्या हाताने मरायला लावतो तेही इथेच, आणि अ‍ॅलिसही इथे जाते. दीड तास पुरणार नाही, दोन ठेवा. तिसरीला 'केंट पाँड' आणि 'फोन-बिंगो', ही हलकी आहे, तासाभरात होईल. उरलेले तीन, 'वर्म', 'काशवाक' आणि 'सेव्ह टू सिस्टिम', चौथीला.

प्रत्येक बैठकीला एकाने कोऱ्या कागदावर एक साधा तक्ता ठेवावा: रात्र कोणती, कुठून कुठे चालले, सोबत कोण, पिसाळलेल्यांना नवीन काय येऊ लागलं. चौथा रकाना फार कामाचा. चावणं, मग थवा, मग मनाने बोलणं, मग अधांतरी तरंगणं, मग निवाडा. हा क्रम कागदावर दिसला की "मधेच जादू कुठून आली" हा आक्षेप उरत नाही, वाढ टप्प्याटप्प्याने झालेली दिसते. 'वर्म'पासून तोच रकाना उलटा भरू लागतो. उशिरा आलेले नवे पिसाळलेले नीट थव्यात बसत नाहीत, चुकतात, अडखळतात. पल्समध्ये बिघाड शिरलाय हा जॉर्डनचा किड्याचा ('वर्म') तर्क तिथून सुरू होतो, आणि कुळागरबाबांची मात्राही.

अ‍ॅलिसबद्दल थोडं सविस्तर, कारण वर कोणी तिच्याकडे पुरेसं बघितलेलं नाही. पंधरा वर्षांची मुलगी, आईला डोळ्यांदेखत गमावलेली. वाटेत तिला तान्ह्या बाळाचा एक बूट सापडतो आणि ती तो सोडत नाही. मनगटाला बांधते, चालताना दाबत राहते. किंग त्या बुटावर एकदाही भाष्य करत नाही, फक्त दाखवतो: आता हातात आहे, आता बांधलाय, आता ती दाबतेय. त्या बुटाच्या जागा काढून एकामागून एक वाचल्या की तिची पूर्ण गोष्ट समजते. आणि मग तिचं मरण बघा. थव्याच्या हातून नाही. गाडीतून जाणारे दोन शाबूत पुरुष सिमेंटच्या ब्लॉकचा तुकडा भिरकावतात आणि पोर रस्त्यावर पडते. कादंबरीभर पिसाळलेल्यांना भ्यायचं शिकवून हा घाव माणसांच्या हातून येतो.

पण इथेच माझा आक्षेपही आहे आणि तो कट्ट्यावर मांडावा. मरणानंतर अ‍ॅलिस क्लेच्या आणि टॉमच्या दुःखात उरते, तिची स्वतःची वाट संपते. शॅरन, क्लेची बायको, तर शेवटपर्यंत बायको म्हणूनच येते, तिला पानभरही स्वतःचं काही नाही. पुढे डेनिस येते, पोटुशी, आणि तिच्या वाट्याला धीर धरण्यापलीकडे फारसं नाही. मुलगे आणि बाप यांच्याबद्दल किंग जितकं जीव ओतून लिहितो, तितकं या बायकांच्या वाट्याला आलेलं नाही. २००६ साली हे कोणी फारसं बोललं नाही, आज बोलायला हवं.

आणखी दोन गोष्टी आज वेगळ्या दिसतील. पात्रांना पहिल्या तासातच दहशतवादी हल्ला आठवतो. ११ सप्टेंबर २००१ ची दोन विमानं बोस्टनच्याच लोगन विमानतळावरून उडाली होती, हे माहीत असेल तर त्या संवादांचं वजन कळतं. आणि महामार्गांवर सामान घेऊन, एकमेकांपासून अंतर ठेवून, घराच्या ओढीने पायी निघालेल्या माणसांची ती वर्णनं २०२० नंतर पहिल्यासारखी वाचता येत नाहीत. २००६ मध्ये ती कल्पना होती.

चित्रपट आधी बघू नका. २०१६ चा, जॉन कुसॅक आणि सॅम्युअल जॅक्सनचा. पटकथेत किंग स्वतः होता, तरी सुरुवात रस्त्यावरून उचलून विमानतळावर नेली, म्हणजे आइस्क्रीमची गाडी गेली, आणि शेवट सरळ काळोखा केला. चौथ्या बैठकीनंतर हवं तर शेवटची दहा मिनिटं लावा. कादंबरीने काय राखून ठेवलंय ते तुलनेने कळेल.

किंगच्या उत्तराबद्दल: होय, त्याने वाचकांना सांगितलंय की पुस्तकाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यातली माहिती बघता जॉनीचं बरं झालं हे त्याला उघड वाटतं. ते चौथ्या बैठकीच्या अगदी शेवटी काढा, त्याआधी नाही. आधी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्या: पोरगा शुद्धीवर आला की नाही, आणि कोणत्या पानाच्या आधारावर.

कुळागर (फोंडा)

शणै बाय, अ‍ॅलिसबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य, बुटाचं तर फारच नेमकं. किंगच्या उत्तराबाबत मात्र मी वेगळा आहे. लेखकाने बाहेर येऊन सांगितलं म्हणून पानावरचं संपत नाही. त्याचं उत्तरही बघा, तो नवीन काही सांगत नाही, पुस्तकातल्याच माहितीकडे बोट दाखवतो. म्हणजे निकाल पुरावे मोजूनच द्यायचा. बाजूने: उशिराचे पिसाळलेले पूर्वपदाकडे झुकतात, जॉनी बापाच्या आवाजाला थोडी का होईना दाद देतो. विरुद्ध: तर्क बारा वर्षांच्या पोराचा आहे, एकदाही करून पाहिलेला नाही, आणि दुसऱ्यांदा येणारा पल्स कोणत्या अवस्थेतला असेल ते कोणालाच ठाऊक नाही. पिक्सी डार्क दोन्ही पारड्यांत बसते. अर्धवट मात्रेने ती खुनी झाली नाही हे खरं, पण तिचं नावही तिला परत मिळालं नाही.

रेंज_नाही (वाळपई)

चिठ्ठ्या घेताना अजून एक ओळ लिहून घ्या: तो फोन तुम्ही लावला असता का. आणि बैठकीपुरते सगळ्यांचे मोबाइल बाजूच्या खोलीत ठेवा, निदान पहिल्या भागाचं वाचन होईपर्यंत. मधेच रिंग वाजली की वाचनाची लय तुटते.

प्रतींचं म्हणाल तर आपल्याकडच्या दुकानांत किंगची बहुतेक हॉडर या प्रकाशनाची ब्रिटिश आवृत्ती मिळते, अमेरिकन स्क्रिब्नरची नाही. दोन्हींचे पानांचे आकडे जुळत नाहीत. खुणा सांगताना पान सांगू नका, भागाचं नाव आणि त्यातल्या तुकड्याचा आकडा सांगा, प्रत्येक भागात तुकडे क्रमाने मोजलेले आहेत. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आधी चौकशी करा, कमी पडल्या तर ई-बुक घेणाऱ्यांनाही हीच पद्धत चालेल.